मॅलकीचं शेपूट

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला फर्मावलं, की काका, यंदा तुम्ही रिटायर होताय तर नोकरीवर लिहा, फक्त कुठल्या साली कुठे रुजू झालो ती जंत्री नको. मी म्हटलं, ती जंत्री मलाही नीट आठवत नाही, तेव्हा तो धोका नाही. खरी अडचण अशी, की माझी नोकरी नेमकी काय आहे हे इथे आयर्लंडात, सिटीवेस्टच्या आमच्या अख्ख्या मराठी गोतावळ्यात आजवर कुणाला कळलेलं नाही. गणपतीत प्रसादाच्या रांगेत पुण्याहून नुकतंच आलेलं कुणीतरी विचारतं, "काका, तुम्ही कशात? जावा की क्लाउड?" मी सांगतो, "लोकांनी लिहिलेली पत्रं छाटतो." समोरचा हसतो, काकांना विनोदाची खोड आहे असं ठरवतो आणि मोदकाकडे वळतो.

वर्ध्याहून आलेल्या माझ्या सासूबाई मात्र एकदा तासभर माझ्या खुर्चीमागे बसून मी काय करतो ते बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "लोकाईनं लेहेलेलं तुमी कायले कापता जी?" मी त्यांना समजुतीच्या सुरात बरंच काही सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही. त्यांचं न पटणं किती बरोबर होतं हे मला कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली, आणि तीच गोष्ट मी आज सांगणार आहे.

आधी धंदा समजावून सांगतो. आमची कंपनी शीतखोल्यांसाठी तापमान नोंदवणारी यंत्रं करते. खोलीत एक काडी लटकवायची, ती दर मिनिटाला आतलं तापमान संगणकाला कळवते, आणि ते ठरवलेल्या रेषेच्या वर गेलं की गजर होतो. आमची गिऱ्हाइकं म्हणजे कॉर्कजवळच्या रिंगास्किडीचे औषध कारखाने, दूध डेअऱ्या, मासळीची गोदामं, रक्तपेढ्या. या सगळ्यांची एक ईमेलची लिस्ट आहे. कुणीही तिच्यावर प्रश्न टाकला की तो काहीशे लोकांना जातो, ज्याला उत्तर माहीत असेल तो लिहितो, तेही सगळ्यांना जातं. या लिस्टचा मॉडरेटर म्हणजे मी. नागपूरच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलो, इथे येऊन काही वर्षं यंत्रं दुरुस्त केली, आणि मग कुणालाच नको असलेलं हे काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं आणि आवडलं.

आता कळीचा मुद्दा. तुम्ही कुणाच्या ईमेलला उत्तर लिहायला घेतलं की त्याचं सगळं पत्र आपोआप खाली येतं. त्यावर 'अमुक यांनी लिहिलं' अशी एक ओळ असते, आणि जुन्या मजकुराच्या प्रत्येक ओळीआधी बाणाच्या टोकासारखी एक खूण. त्या उत्तराला तिसऱ्याने उत्तर दिलं की पहिल्याच्या ओळींना दोन खुणा होतात, दुसऱ्याच्या ओळींना एक. खुणा मोजल्या की कोण काय म्हणालं ते कळतं. याला आमच्यात कोट करणं म्हणतात, आणि त्याचे काही शिष्टाचार आहेत. ज्या ओळीला उत्तर द्यायचंय तेवढीच ठेवा, बाकी काढा. उत्तर तिच्या खाली लिहा, वर नाही, कारण प्रश्न आधी आणि उत्तर नंतर ही जगाची रीत आहे. दुसऱ्याच्या शब्दांना हात लावू नका. आणि कुणी लिहिलं त्या नावाची ओळ कधीही, कधीही काढू नका.

हे एवढं साधं, पण लोक ते पाळतील तर शपथ. गॉलवेकडचे एक गृहस्थ होते, चर्चच्या गायनवृंदात गायचे. एकाने विचारलं, की आमचा कंप्रेसर गुणगुणतोय, काय करू? यांनी त्या वाक्याचे तीन तुकडे केले आणि प्रत्येकाखाली स्वतंत्र उत्तर लिहिलं. 'आमचा कंप्रेसर', खाली यांचं: कोणता? 'गुणगुणतोय', खाली यांचं: कोणत्या सुरात? 'काय करू', खाली: सूर कळल्याशिवाय सांगता येणार नाही. मी हसून हसून बेजार झालो होतो. पण दोन दिवसांनी त्या माणसाने सूर शिट्टीवर रेकॉर्ड करून पाठवला, आणि आमच्या गवय्याने तेवढ्यावरून बेअरिंग गेल्याचं ओळखलं. ते खरंच गेलेलं निघालं. तेव्हापासून मी त्यांना तुकडे करण्याची कायमची मुभा दिली.

एक बाई दुसऱ्यांचं लिखाण कोट करताना ते सुधारून ठेवायच्या. हेतू अत्यंत शुद्ध. कुणी घाईत लिहिलेलं वाक्य त्यांना सहन व्हायचं नाही. त्यांनी एकदा एकाच्या 'बहुतेक सेन्सर खराब असेल' मधला 'बहुतेक' अनावश्यक म्हणून काढून टाकला, आणि एका डेअरीने नवा सेन्सर मागवून बसवला. बिघाड वायरीत होता. मी बाईंना लांबलचक, अतिशय सभ्य पत्र लिहिलं, की दुसऱ्याचं वाक्य हे दुसऱ्याचं असतं, त्याची शंकासुद्धा त्याचीच असते. ते पत्र मला स्वतःला इतकं आवडलं की मी ते लिस्टच्या नियमांत घालून टाकलं. ते अजून तिथे आहे आणि आता वाचताना माझे कान गरम होतात.

आता मॅलकी. मॅलकी डंडॉकचा, आइस्क्रीमच्या एका मोठ्या शीतगृहाचा देखभालप्रमुख. यंत्रं त्याला आतून बाहेरून कळायची, माणूस मदतीला सदा तयार, पण कोट करण्याच्या बाबतीत आमच्या लिस्टवरचा सर्वांत मोठा गुन्हेगार. तो उत्तर नेहमी सगळ्यात वर लिहायचा, एखादी ओळ, कधी एखादाच शब्द, आणि खाली अख्खी चर्चा जशीच्या तशी. दहाव्या उत्तराला त्या पत्राची पानंच्या पानं व्हायची. मी घरी त्याला मारुतीराव म्हणायचो, कारण भर दरबारात वाढत जाणारं असं शेपूट मी दुसरं पाहिलं नव्हतं.

शेवटी मी एक युक्ती केली. लिस्टच्या व्यवस्थेत एक सोय असते, की एखाद्या सभासदाचं पत्र थेट सगळ्यांना न जाता आधी मॉडरेटरकडे येऊन थांबतं. मी मॅलकीच्या नावावर ते बटण दाबलं. मग त्याचं प्रत्येक पत्र माझ्याकडे यायचं, मी त्याचं शेपूट छाटायचो, त्याची ओळ उचलून योग्य त्या वाक्याखाली ठेवायचो आणि पुढे सोडायचो. अकरा वर्षं मी हे केलं. मला वाटायचं, मी त्याच्यावर उपकारच करतोय.

माझी बायको वैशाली म्हणायची, की इतकी कात्री घरात चालवलीस तर प्रेसमधले बिनझाकणाचे डबे तरी कमी होतील. कपाटाला प्रेस म्हणायला ती इथे येऊन दोन महिन्यांत शिकली. खुद्द वैशालीचा कोट करण्याचा रिवाज मॅलकीसारखाच आहे. भांडणात ती काहीही छाटत नाही. मी साखरपुड्याच्या दिवशी काय म्हणालो होतो तिथपासून सगळं खाली जोडलेलं असतं.

एके दिवशी माझा तोल गेला. कुणीतरी विचारलं होतं, की नवीन झाकणं जुन्या पेट्यांना बसतात का? मॅलकीचं उत्तर आलं. वर 'हो', आणि खाली नऊ पानं. मी ते पत्र मुद्दाम न छाटता सोडलं आणि खाली सगळ्यांसमोर लिहिलं, की मॅलकी, आजच्या तुझ्या पत्रात नऊ पानं जुनी आहेत आणि एक शब्द नवा, तो शोधणाऱ्याला माझ्यातर्फे एक पाइंट बिअर. लोक हसले. दोघांनी पाइंट मागितलाही. तासाभराने मॅलकीचं पत्र आलं. वर एकच आयरिश शब्द, 'स्लान', म्हणजे येतो. खाली सगळं शेपूट, त्यात माझी कोटीसुद्धा. आणि त्याने लिस्ट सोडली. मी वैशालीला म्हणालो, बरं झालं, रोजचं काम कमी झालं.

ही गोष्ट तिथेच राहू द्या आणि रिंगास्किडीला चला. तिथल्या एका औषध कारखान्यात नोरीन नावाची बाई शीतखोल्या सांभाळते. कॉर्कची, तीस-पस्तीस वर्षं त्याच कामात, रिटायर व्हायला माझ्यासारखीच जवळ आलेली. लिस्टवर तिचं लिखाण ओळखू यायचं. प्रत्येक सल्ल्याची सुरुवात 'माझ्या खोल्यांपुरतं सांगते' अशी. शिष्टाचारात पैकीच्या पैकी गुण. मी नव्या सभासदांना उदाहरण म्हणून तिची पत्रं दाखवायचो.

गेल्या वसंतात तिचा फोन आला. नोरीन फोन करणाऱ्यांतली नव्हे, त्यामुळे नाव बघूनच मी ताठ बसलो. तिच्या कारखान्यात एका शीतखोलीचा गजर कुणीतरी चार तास पुढे ढकलून ठेवलेला सापडला होता. म्हणजे तापमान वर गेलं तरी चार तास भोंगा वाजणार नाही. औषधाचा एक साठा त्यात खराब झाला. तो तिथेच पकडला गेला, बाहेर काही गेलं नाही, पण चौकशी बसली. खोली नोरीनच्या ताब्यातली. तिने सांगितलं, मी असं कधी करणार नाही. तेव्हा चौकशीतल्या कुणीतरी इंटरनेटवर शोधून आमच्या लिस्टच्या संग्रहातलं एक जुनं पत्र तिच्यासमोर ठेवलं. त्यात होतं, 'नोरीन यांनी लिहिलं: बर्फ वितळवायच्या वेळी गजर चार तास पुढे ढकला, काही बिघडत नाही.' आणि त्याखाली मॅलकीचं उत्तर, 'अगदी पटलं, नोरीन. आम्हीही असंच करू.' चौकशी संपेपर्यंत तिला घरी बसायला सांगितलं होतं.

"मी हे लिहिलेलं नाही, अवी," ती म्हणाली. "उलट लिहिलं होतं. पण आमच्याकडे जुनी ईमेल ठरावीक मुदतीनंतर आपोआप पुसली जातात. तू बघशील का? आणि लिस्टवर याची वाच्यता नको."

मी संग्रह उघडला. पत्र होतं, ती म्हणाली तसंच होतं. तिचं स्वतःचं मूळ पत्र नव्हतं, कारण दोन वर्षांपूर्वी संग्रहाची संगणकावरची जागा बदलताना मीच तो आवरला होता. प्रत्येक चर्चेतलं शेवटचं पत्र ठेवायचं, आधीची काढायची. शेवटच्यात मुद्द्याचा कोट असतोच की, असा माझा हिशोब. साहेबांनी त्या टापटिपीबद्दल माझी पाठ थोपटली होती.

इथे मला एक कबूल करायचंय आणि ते लिहिताना लाज वाटते. तो सगळा दिवस मी नोरीनवर विश्वास ठेवला नाही. मनात म्हटलं, इतक्या वर्षांपूर्वीचं, विसरली असेल बिचारी. संग्रहात आहे म्हणजे आहे. तेवीस वर्षं ज्या संग्रहाला मी घासूनपुसून ठेवलं तो खोटं बोलेल हे माझ्या डोक्यातच शिरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी ते पत्र पुन्हा वाचलं, आणि कप तसाच हातात राहिला. नोरीनचा म्हणून दिलेला सल्ला 'माझ्या खोल्यांपुरतं' ने सुरू होत नव्हता, ही एक गोष्ट. पण दुसरी त्याहून वाईट होती. मॅलकीचं उत्तर त्या वाक्याच्या खाली होतं. नीटनेटकं, खाली, मधे एक ओळ सोडून. मॅलकीने जन्मात कधी उत्तर खाली लिहिलं नव्हतं. तो वर लिहायचा. त्याला खाली आणून बसवणारा जगात एकच माणूस होता, आणि तो माझ्याच खुर्चीत बसून माझाच चहा पीत होता.

पत्राची तारीख बघितली आणि तो दिवसही आठवला, कारण मंडळाच्या गणपतीचा दिवस होता तो. हॉलच्या स्वयंपाकघरात नारळ फोडायचं काम माझ्याकडे होतं, आणि मधेच मॅलकीचं पत्र फोनवर येऊन थांबलं. एका हाताला खोबऱ्याचं पाणी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी ते छाटलं. फोनवर चारच ओळी दिसत होत्या. लांब पत्रं फोनवर वाचता येत नाहीत म्हणून छाटा, हे मीच लोकांना शिकवायचो. बाहेर आरती सुरू झाली होती. मी झटकन एक नाव ठेवलं, एक वाक्य ठेवलं, बाकी उडवलं. त्या नावाच्या आणि त्या वाक्याच्या मधे काय होतं ते मला आठवत नव्हतं, लिस्टवर विचारायला नोरीनची मनाई होती, आणि ते न छाटलेलं पत्र आता जगात कुठेच नव्हतं.

म्हणजे एका ठिकाणी सोडून. मॅलकीकडे.

त्याला पत्र लिहिलं, उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तेही गेलं तसंच राहिलं. फोन नंबर शीतगृहाचा, तिथली मुलगी म्हणाली, तो आत आहे, आत असताना फोन घेत नाही. शनिवारी वैशालीने चकल्यांचा डबा भरला आणि म्हणाली, "गाडी काढ. माफी काय ईमेलने मागतात?" मी म्हटलं, तो दारात उभंही करणार नाही. ती म्हणाली, मग डबा दारात ठेवून येऊ.

शीतगृहाच्या कँटीनमध्ये मॅलकी बसला होता. अकरा वर्षं ज्याची पत्रं छाटली त्या माणसाला मी प्रथमच बघत होतो. लालबुंद चेहरा, गुडघ्यापर्यंत बूट, टेबलावर दोन हातमोजे, एकेक उशीएवढा. त्याने आम्हाला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं तेव्हा भुवई थोडी वर गेली. "पाइंट द्यायला आलास होय," तो म्हणाला.

मी कशाला आलो ते सांगितलं. नोरीनचं नाव ऐकून त्याचा चेहरा बदलला. त्याने विचारलं, तिला किती दिवस घरी बसवलंय? मी सांगितलं. मग तो उठला आणि आम्हाला ऑफिसात घेऊन गेला. जिना चढताना मी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याला विचारलं, की तू सगळं शेपूट ठेवतोस ते का रे?

"मी तुमची पत्रं आत उभा राहून वाचतो," तो म्हणाला. "उणे पंचवीसला. मागचं पत्र शोधायचं म्हणजे हातमोजा काढायला हवा. सगळं एकाखाली एक असलं की नाकाने सरकवता येतं."

आणि त्याने खिशातून फोन काढून नाकाने सरकवून दाखवलं. वैशाली खळखळून हसली, तोही हसला. मला हसावं की भिंतीत शिरावं ते कळेना. नाकाने वाचणाऱ्या माणसासाठी एक नियम सैल करायला मला कितीसा वेळ लागला असता! पण मी कधी विचारलंच नव्हतं. गायनवृंदवाल्याला मुभा दिली, कारण त्याने मला हसवलं होतं. मॅलकीने नुसता वैताग आणला होता.

मॅलकी काहीच टाकून देत नाही. त्याच्या पाठवलेल्या पत्रांत तो दिवस मिळाला, पत्र मिळालं. वर त्याची ओळ, 'अगदी पटलं, नोरीन. आम्हीही असंच करू.' खाली, 'नोरीन यांनी लिहिलं'. त्याखाली, दोन खुणांनी, 'कॉर्मॅक यांनी लिहिलं: बर्फ वितळवायच्या वेळी गजर चार तास पुढे ढकला, काही बिघडत नाही.' आणि त्याखाली, एका खुणेने, नोरीन स्वतः: 'माझ्या खोल्यांपुरतं सांगते, असं कधीही करू नका. त्या चार तासांत आत काय झालं ते कुणालाच कळणार नाही. गजर वाजू द्या आणि माणूस पाठवा.' मॅलकीला पटलं होतं ते हे. मी कॉर्मॅकचं नाव आणि जादाची खूण उडवली होती, नोरीनचे शब्द उडवले होते, आणि तिच्या नावाखाली तिने खोडून काढलेलं वाक्य ठेवून दिलं होतं. हा कॉर्मॅक तर केव्हाच नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला गेला होता.

ते सगळं कागदावर काढायला घेतलं तेव्हा प्रिंटर थांबेचना. बारा-तेरा पानं झाली. मॅलकी म्हणाला, "लांब आहे जरा. छाटून देऊ का?"

मी म्हटलं, "नको. सगळं दे."

आमच्या साहेब म्हणजे ओर्ला नावाची बाई, माझ्याहून वयाने लहान आणि माझ्याहून शहाणी. तिने आधी कंपनीच्या वकिलाला विचारलं. वकिलाचं म्हणणं, की संग्रहात काही तांत्रिक विसंगती आढळली आहे एवढंच कळवावं, व्यक्तीचं नाव घेऊ नये. हे वाक्य मी दोन-तीनदा वाचून पाहिलं. त्यात कुणी काही केलेलं नव्हतं, सगळं आपोआप घडलेलं होतं. तेवीस वर्षं लोकांना सांगत आलो, की कुणी केलं त्या नावाची ओळ काढू नका, आणि आता जाता जाता स्वतःचंच नाव छाटू? मी ओर्लाला म्हटलं, माझे चार महिने राहिलेत, फार तर तेवढे कमी होतील. ती म्हणाली, "वकिलाचं पत्र मी वाचलेलंच नाही. तू तुझं पाठव."

रिंगास्किडीला मी मॅलकीची सगळी पानं जोडून सविस्तर लिहिलं, खाली सही केली. आठवड्याभरात नोरीन कामावर परतली. गजर बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसाने पुढे ढकलल्याचं चौकशीत निघालं, ते त्यांचं ते बघतील. नोरीनने मला फोन केला. मी माफी मागायला सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, की ते नंतर, आधी एक काम कर. "आता लिस्टवर लिही. माझं नाव घालून. सगळ्यांनी ते जुनं वाचलंय, आता हे वाचू दे."

मग मी लिस्टवर लिहिलं. काय झालं, कसं झालं, नारळासकट. खोबऱ्याच्या पाण्याने मला क्षमा मिळणार नव्हती, पण खरं होतं म्हणून लिहिलं. मॅलकीची बारा पानंही खाली जशीच्या तशी ठेवली. आमच्या लिस्टच्या इतिहासात मॉडरेटरने सोडलेलं ते सर्वांत लांब शेपूट असावं. शेवटी दोन छोटी वाक्यं लिहिली, 'चूक माझी होती. नोरीनची नव्हती.' आणि संग्रहातल्या त्या पत्रावर, माझ्या नावानिशी, दुरुस्ती चिकटवली.

उत्तरं बरीच आली. गायनवृंदवाल्यांनी माझ्या पत्राचे एकोणीस तुकडे करून प्रत्येकाखाली काही ना काही लिहिलं, बहुतेक ठिकाणी नुसतं 'हं'. वाक्यं सुधारणाऱ्या बाईंनी माझं पत्र अक्षरही न बदलता कोट केलं, त्यात माझ्या दोन चुका तशाच होत्या, आणि त्या राहू देताना त्यांना किती यातना झाल्या असतील याची मला कल्पना आहे. सासूबाईंना वैशालीने फोनवर सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, की जावईबापूंना जेवू घाल नीट, वाळले असतील. त्यांचा तो जुना प्रश्न त्यांनी काढला नाही. तो मीच काढला, मनातल्या मनात.

दोन दिवसांनी मॉडरेटरच्या पेटीत एक पत्र येऊन थांबलेलं दिसलं. मॅलकी आम्ही त्याला भेटून आलो त्याच संध्याकाळी लिस्टवर परत आला होता, आणि त्याच्या नावावरचं जुनं बटण मी काढायला विसरलो होतो, म्हणून ते माझ्याकडे आलं होतं. सवयीने माझा हात कात्रीकडे गेला. मग मी पत्र वाचलं.

सर्वांत वर, 'अविनाश यांनी लिहिलं'. खाली, एका खुणेने, 'चूक माझी होती.' मधे एक ओळ रिकामी. आणि त्याखाली मॅलकीचं उत्तर, 'ग्रँड.' म्हणजे इकडच्या बोलीत, ठीक आहे, मिटलं.

पुढे काही नाही. बारा पानांतली एक ओळ त्याने ठेवली होती, उत्तर खाली लिहिलं होतं, नावाची ओळ जागच्या जागी होती. म्हणजे तेवढ्यापुरता त्याने कुठेतरी हातमोजा काढला असणार.

मी त्याच्या नावावरचं बटण काढून टाकलं आणि पत्र पुढे सोडलं. त्यात छाटण्यासारखं काही नव्हतं.